घरातली मुख्य अर्थ वायर बदलताना: ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी

वीस-पंचवीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये विजेचा लोड कसा वाढत गेला, ते घरच्यांना तोंडपाठ असतं. आधी एक एसी आला, मग दुसरा. गीझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आले. मीटरपासून घरापर्यंतची मेन वायर ४ स्क्वेअरची (स्क्वेअर म्हणजे चौरस मिलिमीटर) १० स्क्वेअर झाली, लाकडी बोर्डावरच्या फ्यूजच्या जागी एमसीबीचा (जास्त करंटला आपोआप बंद होणाऱ्या स्विचांचा) डीबी, म्हणजे वितरण बॉक्स, बसला. पण बिल्डरने अर्थिंगसाठी टाकलेली १४ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार बहुतेक ठिकाणी अजून तशीच आहे. तिच्यातून रोज करंट जात नाही, ती तुटली तरी दिवे बंद पडत नाहीत, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. ती तुटलीय हे कळतं ते गीझरच्या नळाला झटका बसल्यावर. ती वायर बदलायची कशी, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या वायरमननेच करायचं आहे. नियमही तोच आहे आणि शहाणपणही त्यातच आहे. तरीही घरमालकाने सगळे टप्पे नीट समजून घ्यावेत, कारण ‘अर्थिंग करून दिलं’ म्हणजे नेमकं काय केलं हे विचारणारं कोणी नसेल, तर काम अर्धवटच होतं.

बिघाड झाला की काय होतं

समजा, गीझरचं एलिमेंट फुटलं आणि फेज बॉडीला लागला. अर्थ वायर सलग असेल तर करंट तिच्यातून जमिनीत जातो. अनेकांची समजूत असते की मग एमसीबी लगेच पडतोच, म्हणजे आपोआप बंद होतो. तसं होईलच असं नाही.

रो-हाउसला किंवा छोट्या सोसायटीला महावितरणची साधी लाइन असते आणि अर्थिंग म्हणजे आपल्या आवारातला, धातूचा पाइप किंवा रॉड पुरलेला खड्डा. त्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ५ ओहम धरा, जो आपल्याकडे चांगलाच मानला जातो. वाटेतलं बाकी सगळं शून्य मानलं तरी करंट होतो २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला किमान १६० अँपिअर लागतात, कधी ३२० पर्यंत. ४६ अँपिअरवर तो तासाभरातही पडेल याची खात्री नाही, आणि तोवर गीझरच्या बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज उभं असतं. म्हणून अशा घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर अर्थ वायर कितीही जाड घातली तरी संरक्षण पुरं होत नाही. बजेटमध्ये दोन्ही एकदम बसत नसेल तर आरसीसीबी आधी बसवा, वायर पुढच्या महिन्यात.

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या मोठ्या संकुलांत गोष्ट वेगळी असू शकते. तिथे ट्रान्सफॉर्मर आवारातच असतो, आणि त्याच्या न्यूट्रलच्या अर्थपासून पट्टी थेट मीटर रूमपर्यंत आणलेली असेल तर बिघाडाचा करंट मातीतून न जाता धातूच्या वाटेने परत जातो. तो शेकड्यांनी, कधी हजारांनी अँपिअर होतो आणि एमसीबी झटक्यात पडतो. इथे वायरची जाडी खऱ्या अर्थाने कामाला येते, कारण तेवढा करंट ती न वितळता झेलू शकली पाहिजे. आपली इमारत या दोन्हींपैकी कोणत्या प्रकारची, हे ठेकेदाराला पहिल्याच भेटीत विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दुसरा ठेकेदार बघा.

आधी आहे ते शोधा

डीबीचं झाकण वायरमनकडून उघडून घ्या आणि हिरव्या किंवा हिरव्या-पिवळ्या वायरीचा माग काढत जा. ती कुठे जाते, हे डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबू नका. नौपाडा-कोपरीच्या जुन्या इमारतींत, वाशी-नेरूळच्या सुरुवातीच्या सोसायट्यांत हा माग कधी कधी बाथरूममागच्या पाण्याच्या पाइपाला जाऊन संपतो. एके काळी जीआय पाइप जमिनीत जायचा, म्हणून तो अर्थिंगला चालून जायचा. पुढे सोसायटीने गळती थांबवायला गंजलेले पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, घातले. त्या दिवशी त्या घरांचं अर्थिंग गेलं आणि प्लंबरला, कमिटीला, राहणाऱ्यांना कोणालाच ते कळलं नाही. आज त्या तारेचं टोक आठ-दहा इंचांच्या उरलेल्या लोखंडी तुकड्याला बांधलेलं सापडतं. तुमच्या इमारतीत पाइप बदलले असतील तर ही तपासणी आजच करा. गॅसच्या पाइपाला अर्थ बांधलेला दिसला तर तो ताबडतोब सोडवून घ्या.

दुसरा प्रकार याहून वाईट. अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये किंवा डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकलेले असतात. टेस्टरने सगळं ठीक दिसतं. मात्र पावसाळ्यात कुठे न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की त्या घरातल्या फ्रिज, मशीन, गीझर सगळ्यांच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात. असा जोड सापडला तर नव्या वायरीची वाट बघू नका, तो आधी काढायला लावा.

घरात जुनं दोन पिनांचं वायरिंग असेल, म्हणजे सॉकेटपर्यंत अर्थ वायर आलेलीच नसेल, तर मुख्य वायर बदलून त्या पॉइंटना काहीच मिळणार नाही. निदान गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी आणि स्वयंपाकघर यांना डीबीपासून वेगळी अर्थ वायर ओढून घ्यावी लागेल.

फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब पेटवून बघायची पद्धत सगळीकडे चालते. ती करू देऊ नका. अर्थ पुढे तुटलेला असेल तर त्या बल्बमधून फेज अर्थ वायरीवर उतरतो आणि तिला जोडलेली प्रत्येक बॉडी जिवंत होते. त्या क्षणी स्वयंपाकघरात कोणी फ्रिजचं हँडल धरलेलं असू शकतं. साधा मल्टिमीटरही फसवतो. त्याला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे गंजून केसासारख्या उरलेल्या तारेवरही तो २३० दाखवतो. या कामाला लूप टेस्टर (बिघाडाच्या करंटच्या पूर्ण वाटेचा रेझिस्टन्स मोजणारा) आणि अर्थ टेस्टर (खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजणारा) ही खास उपकरणं असतात. ठेकेदाराकडे ती आहेत का, ते फोनवरच विचारा.

किती जाड वायर

नियम सरळ आहे. मेन फेज वायर १६ स्क्वेअरपर्यंत असेल तर तांब्याची अर्थ वायरही तेवढ्याच जाडीची घ्या. फेज १६ च्या वर ३५ पर्यंत असेल तर अर्थ १६ ची, त्याच्या वर फेजच्या निम्मी. म्हणजे घराची मेन ६ ची तर अर्थ ६ ची, १० ची तर १० ची, आणि थ्री-फेज २५ ची असेल तर अर्थ १६ ची. ठाण्यातल्या दोन-तीन एसीच्या टू-बीएचकेला बहुधा १० स्क्वेअर लागते.

गणित करून बघायचं असेल तर करंटचा वर्ग गुणिले सेकंद, त्याचं वर्गमूळ, भागिले १४३. हा आकडा तांब्याच्या, पीव्हीसीच्या, वेगळ्या टाकलेल्या वायरीसाठी आहे. १००० अँपिअर ०.१ सेकंद वाहिले तर उत्तर येतं सव्वादोन स्क्वेअरच्या आसपास. ३०० अँपिअर ५ सेकंद वाहिले तर ४.७, म्हणजे ६ ची वायर. लहान करंट जास्त वेळ वाहिला तर वायर जास्त तापते, हे यातून दिसतं. जुना फ्यूज उडायला वेळ घेऊ शकतो, म्हणूनच तो असलेल्या घरांना जास्त जाडी लागते.

जीआयची १४ गेज तार दोन मिलिमीटर व्यासाची असते. मीटर रूमपासून २५ मीटरवरच्या फ्लॅटपर्यंत तिचा रेझिस्टन्स साधारण एक ओहम होतो, आणि हा आकडा नव्या, न गंजलेल्या तारेचा. १० स्क्वेअर तांब्याचा तेवढ्याच अंतरात ०.०५ ओहमच्याही आत राहतो. ज्या इमारतीत करंट धातूच्या वाटेने परत जातो, तिथे या फरकावर एमसीबी वेळेत पडणार की नाही ते ठरतं.

जमिनीतून उघड्या जाणाऱ्या भागाला हे आकडे लावू नका. तिथे गंज गृहीत धरायचा असतो: तांबं किमान २५ स्क्वेअर, लोखंड किमान ५० स्क्वेअर. जीआयची २५ बाय ३ मिलिमीटर पट्टी ७५ स्क्वेअर भरते, म्हणून मीटर रूमपासून खड्ड्यापर्यंत तीच घालतात.

खड्डा: वाशीची माती, घोडबंदरचा कातळ

नवी वायर कुठे जाऊन संपते, याला वायरीइतकंच महत्त्व आहे. आणि आपल्या भागात खाडीच्या अलीकडे-पलीकडे जमीन इतकी वेगळी आहे की एकच पद्धत दोन्हीकडे चालत नाही.

नवी मुंबईतला बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर आणि मिठागरांवर भराव टाकून उभा राहिला आहे. खारट, ओली माती विजेला चांगली वाट देते, त्यामुळे नव्या खड्ड्याचं रीडिंग सुरुवातीला सुरेख येतं. पण तीच माती लोखंड खाते. दहा-पंधरा वर्षांच्या खड्ड्याचं काँक्रीटचं झाकण उचललं की वरची पट्टी धड दिसते. हाताने माती थोडी बाजूला केली की वीतभर खाली तिच्यावर तपकिरी पापुद्रे चढलेले असतात, स्क्रूड्रायव्हर टेकवला की पापुद्रा सुटतो आणि खाली मूळ धातू निम्माही उरलेला नसतो. बोल्ट नुसता गंजाने चिकटून असतो. म्हणून इकडे कॉपर बाँडेड रॉड वापरा, तांब्याचा थर २५० मायक्रॉनचा मागा, आणि पट्टी जमिनीतून वर येते त्या जागी एक फूट खाली व एक फूट वर बिटुमेनचा लेप किंवा हीट-श्रिंक स्लीव्ह घाला. हवा आणि ओल जिथे भेटतात, तिथेच पट्टी सगळ्यात आधी तुटते.

येऊरच्या पायथ्याला, घोडबंदर पट्ट्यात मात्र अडचण उलटी. चार-पाच फुटांखाली मुरूम, मग काळा कातळ. अडीच मीटरचा पाइप खाली जातच नाही. मजूर तो कापून दीड मीटरवर पुरतात आणि वरून सिमेंट करतात, म्हणून पाइप किती खोल जातो ते समोर उभं राहून बघा. कातळ लागला तर ड्रिलिंग मशीनने बोअर मारून रॉड उतरवा आणि भोवती बेंटोनाइट नावाची चिकणमाती भरा. तेवढ्यानेही रीडिंग आलं नाही तर दुसरा रॉड घाला, पहिल्यापासून निदान त्याच्या लांबीइतक्या अंतरावर, जागा असेल तर दुप्पट. जवळजवळ रोवलेले दोन रॉड एकाइतकंच काम करतात.

कोळसा आणि मीठ भरायची जुनी पद्धत अजून चालते. आपल्याकडचा पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटरचा. दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं आणि जाता जाता पाइप गंजवतं. मी मिठाच्या विरोधात आहे. बेंटोनाइटसारखं ओल धरून ठेवणारं भरण थोडं महाग पडतं, पण टिकतं.

खड्डा इमारतीच्या भिंतीपासून निदान दीड मीटर लांब हवा. पाइप घेतला तर ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब. आणि तो पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गाडू नका; झाकण उघडता येईल असा चेंबर बांधा.

परवानगी आणि सामान

रो-हाउसवाल्यांना आपलं आवार, आपला निर्णय. फ्लॅट असेल तर डक्ट आणि मीटर रूम सामायिक आहे, म्हणून कमिटीला लेखी पत्र द्या आणि त्यातच इमारतीच्या खड्ड्यांचं शेवटचं रीडिंग मागा. बहुतेक ठिकाणी ते निघत नाही. मग सगळ्यांचंच काम एकत्र करायचा विषय मीटिंगमध्ये घ्या. मीटरच्या आधीचा कटआउट (मेन फ्यूज) आणि सील महावितरणचं असतं, त्याला आपला वायरमन हात लावणार नाही. तिथून सप्लाय बंद करायची गरज पडली तर १९१२ या हेल्पलाइनवर किंवा सेक्शन ऑफिसमध्ये कळवा.

वायर आयएस ६९४ ची, आरसीसीबी आयएस १२६४० चा. अर्थिंगच्या पूर्ण पद्धतीसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे, २०१८ साली ते सुधारलं. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख लिहून घ्या. लोहार चाळीतून आणा नाही तर नाक्यावरच्या दुकानातून, बिल मात्र घ्या. टिनचा मुलामा दिलेले तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या, बोल्टचं छिद्र असलेल्या टोप्या), जीआय किंवा स्टेनलेसचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर, आणि वायर आधीच्या पाइपात मावत नसेल तर २५ मिलिमीटरचा नवा कंड्युट, म्हणजे वायरीचा पाइप.

कामाचा दिवस

मेन स्विच बंद. इन्व्हर्टर बंद, त्याची आउटपुट वायरही सोडवून. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरमुळे निम्मं घर जिवंत राहतं, हे घरातल्या माणसालाच ठाऊक असतं, म्हणून वायरमनला स्वतःहून सांगा. छतावर सोलर असेल तर त्याचा आयसोलेटरही. मग व्होल्टेज मोजायचा मीटर आधी चालू पॉइंटवर तपासायचा, बंद केलेल्या पॉइंटवर लावायचा, पुन्हा चालू पॉइंटवर. मधेच मीटर बिघडला नाही ना, हे त्यातून कळतं.

जुनी अर्थ वायर सध्या हलवायची नाही. आधी नवी टाकायची, जोडायची, मोजायची, मग जुनी सोडवायची. आणि सोडवण्याआधी तिच्याभोवती क्लॅम्प मीटर लावून तिच्यातून करंट जातोय का, ते बघायचंच. सामायिक अर्थिंगमध्ये शेजारच्या घराचा गळतीचा करंट तुमच्या तारेतून जात असू शकतो. ती तोडताना दोन टोकं दोन हातांत आली तर शॉक बसतो, तुमच्या घराचा मेन बंद असला तरी. मीटर रूममधल्या अर्थ बसबारचा (सगळ्या अर्थ वायरी जिथे जोडतात त्या धातूच्या पट्टीचा) खड्ड्याकडे जाणारा बोल्ट तर इमारत चालू असताना कोणीही खोलायचा नाही. नवी वायर बसबारच्या मोकळ्या छिद्रात जाईल.

वायर बसबारपासून डीबीपर्यंत एकसंध हवी. मधे जोड नाही, पीळ नाही, टेप नाही. शक्य असेल तिथे ती फेज-न्यूट्रलबरोबर त्याच मार्गाने न्या.

या कामाचं सगळं मर्म टोकांच्या जोडात आहे. इन्सुलेशन लगच्या नळीइतकंच सोलायचं, एकही तार कापली जाता कामा नये. मापाची डाय लावून दोनदा क्रिम्प करायचं, म्हणजे लग वायरीवर दाबून घट्ट बसवायचा, आणि मग वायर दोन्ही हातांनी जोरात ओढून बघायची. ती हलली तर लग कापून नवा. पक्कडीने दाबलेला लग मान्य करू नका. बसबारवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढायचा, लग बसवायचा, स्प्रिंग वॉशर सपाट होईपर्यंत आवळायचा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. एका बोल्टखाली एकच लग. तांबं आणि जीआय जिथे भेटतात तिथे टिनचा लग आवश्यकच आहे, कारण खाडीच्या दमट हवेत उघडं तांबं जस्ताला खातं. त्यातही तांब्याचा भाग जीआयच्या खालच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे तांब्यावरून ओघळलेलं पाणी पट्टीवर पडत नाही.

डीबीतल्या अर्थ बारवर प्रत्येक सर्किटची वायर वेगळ्या छिद्रात. तीन वायरी एकत्र पिळून एका स्क्रूत कोंबलेल्या दिसल्या तर मोठा बार लावून घ्या. जुनी तार पाण्याच्या पाइपाला जात असेल तर ती काढूनच टाका.

मोजल्याशिवाय पैसे चुकते करू नका

सप्लाय चालू करण्याआधी डीबीच्या अर्थ बारपासून मीटर रूमच्या बसबारपर्यंत लो-रेझिस्टन्स टेस्टरने मोजून घ्या. १० स्क्वेअरला २५ मीटरमध्ये ०.०५ ओहमच्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर कुठला तरी लग कच्चा आहे. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या उपकरणाने, फेज-न्यूट्रल एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे ठेवून मोजायचं. किमान १ मेगाओहम. त्याआधी टीव्ही, राउटर, एसी सगळ्यांचे प्लग काढा.

खड्डा मोजताना तो बाकीच्या जाळ्यापासून सोडवावा लागतो. फ्लॅटच्या इमारतीत ते एक तर पूर्ण शटडाउन घेऊन करायचं, नाही तर क्लॅम्पच्या अर्थ टेस्टरने, म्हणजे काही सोडवावं लागत नाही. रीडिंग एप्रिल-मे मध्ये घ्या. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत प्रत्येक खड्डा चांगला दिसतो.

सप्लाय चालू केल्यावर लूप टेस्टर प्रत्येक मोठ्या सॉकेटवर, गीझरच्या आणि स्वयंपाकघरातल्या आधी. मग आरसीसीबी टेस्टरने: ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि १५० मिलिअँपिअरला ४० च्या आत पडला पाहिजे. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून ‘अर्थिंग ओके’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते बटण आरसीसीबीच्या आतली यंत्रणा तपासते, अर्थ वायर मुळातच नसली तरी तो पडतो. महिन्यातून एकदा ते दाबायचंच, पण अर्थिंगची परीक्षा म्हणून नाही.

नवा आरसीसीबी पहिल्याच आठवड्यात सारखा पडू लागला तर तो काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. बहुतेक वेळा जुन्या गीझरचं एलिमेंट, ओल धरलेला बाल्कनीचा पॉइंट किंवा दोन सर्किटांचा एकत्र बांधलेला न्यूट्रल निघतो. एकेक सर्किट बंद करत गेलं की दोषी सापडतं.

ठेकेदाराकडून सगळी रीडिंग सहीनिशी कागदावर घ्या: वायरीची जाडी, कंटिन्युइटी, मेगर, लूप, खड्ड्याचे ओहम, आरसीसीबीचा वेळ, तारीख. एक प्रत डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवा, एक सोसायटीच्या फाइलला लावा. पुढच्या एप्रिलमध्ये खड्ड्याचं झाकण उघडून बोल्ट आवळायचे आणि त्याच कागदावर नवं रीडिंग लिहायचं; आकडा दीडपट झालेला दिसला तर पावसाच्या आधीच माती उकरून पट्टी तपासायची.